दलदलीतील पिवळा तोर्दो : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चोपड्याच्या एका वाचकांचे पत्र आणि त्यासोबतची छायाचित्रे इतकी मोलाची होती, की स्तंभाची बहुतेक जागा त्याच विषयाला दिली आहे. विषयाशी जुळणारे इतर वाचकांचे प्रश्नही याच अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा ठिबक सिंचनाच्या कामानिमित्त अर्जेंटिनातील एंत्रे रिओस प्रांतात, संत्र्या-मोसंबीच्या बागांच्या पट्ट्यात राहतो. नोव्हेंबरात एका गुरांच्या कुरणाला लागून असलेल्या दलदलीत त्याने तीन छायाचित्रे घेतली. पहिल्यात झुडपाच्या शेंड्यावर समोर तोंड करून बसलेला पिवळाधमक पक्षी आहे. दुसऱ्यात गवतात चरणारा थवा पाठीमागून दिसतो. तिसऱ्यात पाणकणसासारख्या गवतावर बसलेला, खालून पिवळट आणि वरून तपकिरी असा एक पक्षी आहे. इंटरनेटवर शोधल्यावर पिवळ्या डोक्याचे चार-पाच काळे पक्षी समोर आले आणि आमचा गोंधळ वाढला. हा कोणता पक्षी आहे, आणि तीनही छायाचित्रांत तो एकच आहे का?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे मनापासून अभिनंदन. पहिल्या दोन छायाचित्रांतील पक्ष्याला इंग्रजीत सॅफ्रन-काउल्ड ब्लॅकबर्ड म्हणतात आणि अर्जेंटिनात तोर्दो अमारिल्यो, म्हणजे पिवळा तोर्दो. शास्त्रीय नाव झँथॉप्सर फ्लेव्हस. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त गणला जातो. तिसरा पक्षी मात्र वेगळा आहे; त्याच्याकडे शेवटी येतो.

पिवळे डोके आणि काळे पंख एवढ्यावर ओळख ठरवायला गेले की गोंधळ होणारच, कारण अमेरिका खंडांत हा रंगमेळ अनेक पक्ष्यांत आहे. म्हणून डोक्याच्या पिवळ्या रंगावरून नजर मुद्दाम काढून घ्यावी आणि तो पिवळा रंग खाली कुठवर जातो ते पाहावे. पहिल्या छायाचित्रात तो गळा, छाती, पोट असा शेपटीखालच्या पिसांपर्यंत अखंड गेलेला आहे. एवढ्या एका निरीक्षणाने यलो-हूडेड ब्लॅकबर्ड बाद होतो, कारण त्याचे केवळ डोके आणि छातीचा वरचा भाग पिवळा असतो व पोट काळे असते. शिवाय तो कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना आणि ॲमेझॉन खोरे या उत्तरेकडच्या प्रदेशांत राहतो. उत्तर अमेरिकेतील यलो-हेडेड ब्लॅकबर्डचेही पोट काळेच, आणि त्याच्या पंखावर ठळक पांढरा डाग असतो, जो आपल्या छायाचित्रात नाही.

खरी कसोटी ओरिओल ब्लॅकबर्डशी आहे. त्याचे डोके, छाती, पोट पिवळे, पाठ व पंख काळे आणि खांद्यावर पिवळा डाग. म्हणजे समोरून पाहिल्यास वर्णन जवळजवळ सारखेच. पण तो आकाराने पुष्कळ मोठा असतो आणि त्याच्या डोळ्याभोवती पिसे नसलेली काळी कातडी असते. पिवळ्या तोर्दोचा चेहरा पूर्ण पिसांनी झाकलेला असतो आणि काळा रंग फक्त चोच व डोळा यांमधल्या छोट्या पट्टीत दिसतो. तो सुमारे 20 सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे आपल्या साळुंकीपेक्षा थोडा लहान भरतो. ओरिओल ब्लॅकबर्डचा मुलूखही ओरिनोको आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यांतला आहे. एंत्रे रिओसपासून तो फार दूर आहे.

आता दुसरे छायाचित्र. चिरंजीवांनी ते पत्रात ‘फसलेले छायाचित्र, सगळ्यांच्या पाठीच दिसतात’ असे म्हटले आहे, पण माझ्या मते तिघांत हेच सर्वांत उपयोगी आहे. गवतात मान खाली घालून चरणाऱ्या या पक्ष्यांची पाठ, पंख आणि शेपूट काळी आहे आणि पाठ व शेपूट यांच्या मधोमध, आपण कंबर म्हणतो त्या भागावर, लखलखीत पिवळा ठसा आहे. खांद्यावरही पिवळा पट्टा दिसतो. ओरिओल ब्लॅकबर्डची कंबर काळी असते. पिवळा तोर्दो थव्याने उडून दूर जातो तेव्हा डोके दिसत नाही, पोट दिसत नाही, दिसते ती ही पिवळी कंबर. आणि मैदानात हा पक्षी बहुधा आपल्यापासून दूर जातानाच दिसतो. त्यामुळे मी प्रत्येक नवशिक्या निरीक्षकाला सांगतो, की पक्षी उडाला म्हणून दुर्बीण खाली करू नये.

याच छायाचित्रात दोन तपकिरी पक्षी आहेत, ते पाहायचे राहून गेले असावे. त्या पिवळ्या तोर्दोच्या माद्या आहेत. मादी वरून तपकिरी असते, पण तिची भुवई, खांदा, कंबर आणि खालचे सगळे अंग पिवळे असते. छातीवर रेघोट्या नसतात ही तिची महत्त्वाची खूण. संवर्धनाच्या दृष्टीने मादी ओळखता येणे नराइतकेच किंवा काकणभर अधिक गरजेचे आहे, कारण थव्यात किती माद्या आहेत हे न कळता केवळ झळाळणारे नर मोजले, तर पुढच्या हंगामात किती घरटी होतील याचा काहीच अंदाज येत नाही.

थव्याच्या कडेला जो थोडा मोठा, तपकिरी डोक्याचा आणि पिवळ्या पोटाचा पक्षी दिसतो, तो ब्राउन-अँड-यलो मार्शबर्ड होय. त्याचे डोके आणि कंबर दोन्ही तपकिरी असतात. त्याचाच भाऊबंद असलेल्या यलो-रम्प्ड मार्शबर्डची कंबर मात्र पिवळी असते आणि डोके गडद तपकिरी, तेव्हा केवळ पिवळी कंबर पाहूनही घाई करू नये; डोके आणि कंबर दोन्ही पिवळी असतील तरच पिवळा तोर्दो म्हणावे. हे पक्षी एकमेकांच्या थव्यांत मिसळून चरतात, म्हणून थव्यातील एक पक्षी ओळखला की सगळा थवा ओळखला असे होत नाही.

आणखी एक गोष्ट छायाचित्रात आपोआप आली आहे. थव्याच्या मागे कुंपणाच्या खांबावर जो पांढराशुभ्र, काळ्या पंखांचा आणि काळ्या शेपटीचा पक्षी बसला आहे, तो ब्लॅक-अँड-व्हाइट मोंजिता. तोही धोक्यात आलेलाच पक्षी आहे आणि या दोघांची सोबत अभ्यासकांना चांगली परिचयाची आहे. मोंजिता उंच जागी बसून कीटकांवर नजर ठेवतो, आणि ससाण्यासारखा शिकारी पक्षी दिसला की त्याच्या इशाऱ्याचा लाभ खाली माना घालून चरणाऱ्या तोर्दोंना मिळतो. शेतात सगळे वाकून निंदणी करत असताना माचाणावर एक राखणदार बसावा, तशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे कुरणात मोंजिता दिसला तर त्याच्या पायाखालच्या गवतात पिवळा तोर्दो शोधावा.

तिसऱ्या छायाचित्रातील पक्षी हा युनिकलर्ड ब्लॅकबर्डची मादी आहे. खालून पिवळट असल्यामुळे ती पिवळ्या तोर्दोच्या मादीसारखी भासते, पण तिच्या छातीवर व कुशीवर गडद रेघा आहेत आणि पंखांच्या पिसांच्या कडा तांबूस आहेत. तिचा नर नखशिखांत काळा असतो. ही जात पाण्यातल्या उंच गवतातच वावरते, तर पिवळा तोर्दो दलदलीत घरटे करून चरायला शेजारच्या उघड्या गवताळ जमिनीवर येतो. पक्षी कुठे बसला होता आणि काय करत होता, हे दोन शब्द छायाचित्रासोबत लिहून ठेवले असते तर हा प्रश्न आपण घरीच सोडवला असता.

प्रश्न : हा पक्षी पाहताच आमच्या शेतातल्या आमराईत येणारा हळद्या आठवला. दोघे नात्यातले आहेत का?
— एक वाचक, साक्री (जि. धुळे)

उत्तर : नात्यातले नाहीत, पण आपल्याला जे वाटले ते अठराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनाही वाटले होते. योहान फ्रिड्रिख ग्मेलिन यांनी 1788 साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, ते ‘ओरिओलस फ्लेव्हस’ असे, म्हणजे थेट हळद्याच्याच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) त्याला बसवले. पुढे शरीररचनेचा अभ्यास झाला तेव्हा कळले, की अमेरिकेतील ही काळी-पिवळी मंडळी इक्टेरिडी नावाच्या स्वतंत्र कुळातली आहेत, ज्या कुळाचा एकही पक्षी भारताचा मूळ रहिवासी नाही. आणि हळद्या जुन्या जगाच्या ओरिओलिडी कुळातला. सध्या पिवळा तोर्दो झँथॉप्सर या प्रजातीत ठेवला जातो आणि त्या प्रजातीत तो एकटाच आहे. तो नष्ट झाला तर एका जातीबरोबर एक अख्खी प्रजातीच संपेल, म्हणूनही अभ्यासकांचा जीव त्याच्यात अडकलेला आहे.

वागण्यातही दोघांत मोठा फरक आहे. हळद्या झाडाच्या पर्णभारात राहतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. तोर्दो जमिनीवर चालत कीटक टिपतो, थव्याने राहतो आणि वसाहत करून घरटी बांधतो. या शेवटच्या गोष्टीत तो आपल्याकडच्या सुगरणीच्या अधिक जवळ जातो, जरी त्याचे घरटे लोंबते नसून गवत-झुडपांत बसवलेल्या वाटीसारखे असते.

प्रश्न : मैदाने आणि दलदली दक्षिण अमेरिकेत भरपूर आहेत असे भूगोलात शिकलो. मग हा पक्षी धोक्यात का आला?
— एक शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)

उत्तर : मैदान आहे, पण तोर्दोला हवे तसे मैदान उरलेले नाही. त्याचा प्रदेश दक्षिण ब्राझीलचे रिओ ग्रांदे दो सुल व सांता कातारिना हे प्रांत, उरुग्वे, ईशान्य अर्जेंटिनाचे कोरिएंतेस व एंत्रे रिओस आणि पराग्वेचा आग्नेय भाग एवढाच आहे. एके काळी तो ब्वेनोस आइरेस प्रांतातही होता. तिथून तो जवळपास नाहीसा झाला आहे. नकाशावर हा पट्टा मोठा दिसतो, पण त्यात पक्षी तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले आहेत.

त्याला दोन जागा एकमेकींना लागून हव्या असतात. घरट्यांसाठी ओली दलदल, जिथे एरिंजियमसारख्या काटेरी पानांच्या वनस्पतींचे दाट बेट असेल. आणि चरण्यासाठी गुरांनी खाऊन आखूड केलेले गवत. यांतली एक जरी गेली तरी दुसरी निरुपयोगी ठरते. चर काढून दलदलीचे पाणी उतरवले, की तिथे सोयाबीन किंवा भात येतो. कुरणात निलगिरी आणि पाइनची लागवड झाली, की गवत सावलीखाली मरते. आपल्याकडे झाडे लावणे म्हणजे पुण्याचे काम असा संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे, पण हजारो वर्षे गवताळ असलेल्या भूमीवर परदेशी झाडांच्या रांगा उभ्या करणे हे त्या भूमीच्या प्राण्यांसाठी जंगलतोडीइतकेच घातक ठरते, हे शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे अशी माझी विनंती आहे. खानदेशातल्या माळांवर लागवडीचा विचार करतानाही हा मुद्दा मनात असावा.

दक्षिण ब्राझीलच्या उंच पठारावर हिवाळा सरताना गवत जाळण्याची रीत आहे. आग ओल्या जागेत शिरली तर घरट्यांसाठी लागणारा आडोसाच जळून जातो. जिथे मूळ दलदल उरली नाही तिथे तोर्दो रस्त्याकडेच्या काटेरी रानटी झाडांत किंवा उभ्या पिकातही घरटी करू पाहतो, आणि मग कापणीचे यंत्र फिरले की वसाहत संपते. वसाहत करून राहण्याचा हा तोटा आहे : सगळी घरटी एका जागी असल्यामुळे एकाच आघातात सगळ्यांचा हंगाम वाया जातो.

यात भर शायनी काउबर्ड या पक्ष्याची. तोर्दोच्याच कुळातला हा निळसर-काळा पक्षी स्वतः घरटे बांधत नाही. मादी दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालते आणि यजमानाची अंडी टोचून फोडतेही. आपल्या कोकिळेचा भर प्रामुख्याने कावळ्यावर असतो. काउबर्ड मात्र शेकडो जातींच्या पक्ष्यांची घरटी वापरतो. गुरे आणि शेती जिथे वाढली तिथे तोही वाढला. संख्या भरपूर असलेल्या जातीला हा उपद्रव सोसतो. ज्या जातीच्या वसाहतीच थोड्या, तिला तो जड जातो. शिवाय हा सुंदर पक्षी पिंजऱ्यासाठी पकडला जातो, त्याविषयी खाली स्वतंत्र प्रश्न आहे.

दिलासा देणारी बाजूही आहे. अर्जेंटिनातील आवेस आर्खेंतिनास ही 1916 साली स्थापन झालेली पक्षिसंस्था तोर्दोसाठी प्रकल्प चालवते, ज्यात वीण हंगामात रक्षक घरट्यांच्या वसाहतींवर लक्ष ठेवतात आणि जमीनमालकांशी बोलून कापणी किंवा जाळणी पुढे ढकलायला लावतात. अर्जेंटिना, ब्राझील, पराग्वे आणि उरुग्वे या चार देशांतील संस्थांनी 2006 साली ‘आलियांसा देल पास्तिसाल’ हा गवताळ प्रदेशांसाठीचा संघ उभा केला, त्यात नैसर्गिक कुरणावर गुरे पाळणारे पशुपालकही सामील आहेत. मला हा मार्ग सर्वांत आशादायक वाटतो, कारण तोर्दोचे बहुतेक रहिवास खासगी कुरणांत आहेत; पशुपालकाला गवत राखणे परवडले तरच पक्षी राहील.

प्रश्न : एखाद्या पक्ष्याची ओळख थोडीफार चुकली तर एवढे काय बिघडते? हौशी लोकांनी इतके काटेकोर राहण्याची गरज आहे का?
— एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : आपण शहाद्याहून विचारता, तेव्हा उत्तर आपल्याच तालुक्यातून देतो. रानपिंगळा या दुर्मीळ लहान घुबडाचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 साली प्रसिद्ध केले. 1884 नंतर त्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी आपल्याला 1914 साली गुजरातेत एक मिळाल्याचे सांगितले होते, त्यामुळे शोध तिकडेही वळला. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने तपासले आणि उघड झाले, की तो नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला होता आणि संग्रहालयातून उचलून त्यावर खोटी माहिती चढवली होती. खरी ठिकाणे कोणती हे निश्चित झाल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात रानपिंगळा जिवंत दिसला. मधल्या शतकभरात गावोगावच्या साध्या पिंगळ्याला रानपिंगळा समजण्याचे प्रकारही झाले होते.

या दोन पिंगळ्यांतही भेद बारीकच आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे, छातीवर गडद तपकिरी रंग सलग आणि पोटाचा मध्यभाग स्वच्छ पांढरा असतो. चुकीची नोंद म्हणजे चुकीच्या जागी केलेला शोध, आणि दुर्मीळ जातीच्या बाबतीत तेवढ्यात तिचे उरलेले रानही हातचे जाऊ शकते. तोर्दोबाबतही हेच लागू आहे. युनिकलर्ड ब्लॅकबर्डच्या माद्या तोर्दो म्हणून मोजल्या, तर पक्षी भरपूर आहेत असा समज होऊन रक्षक दुसरीकडे पाठवले जातील. उलट मार्शबर्डच्या मोठ्या थव्यात मिसळलेले चार तोर्दो सुटले, तर त्या कुरणाकडे कोणाचे लक्षच जाणार नाही. खात्री नसेल तेव्हा ‘ओळख अनिश्चित’ असे लिहून छायाचित्र जोडावे. तशी नोंद अभ्यासकाला चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

प्रश्न : हतनूर जलाशयावर हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थी पक्षी पाहायला जातो. अशा बारीक खुणा पाहण्याचा सराव तिथे करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, भुसावळ (जि. जळगाव)

उत्तर : उत्तम करता येईल. हिवाळ्यात बदकांचे नर रंगीत आणि माद्या तपकिरी असतात. तेव्हा आठवडाभर नरांकडे न पाहता फक्त माद्या ओळखायच्या असे ठरवावे. थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग या बदकांच्या माद्या चोचीचा आकार आणि पंखावरील आरसा (चकाकणारा रंगीत पट्टा) यांवरून वेगळ्या करता येऊ लागल्या, की नजर खुणांवर बसू लागते. पावसाळ्यात सुगरणीच्या वसाहतीजवळ उभे राहून नर, मादी आणि पिल्ले यांची वेगवेगळी वर्णने वहीत लिहावीत. पुस्तक वर्णन लिहून झाल्यावर उघडावे, आधी नाही.

प्रश्न : परदेशी पक्षी पाळण्यास कायद्याने हरकत नाही असे ऐकले. मग असा पिवळा तोर्दो कोणी विकत देऊ केला तर घेता येईल का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : घेऊ नये. धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या करारात, म्हणजे साइट्समध्ये, हा पक्षी पहिल्या परिशिष्टात आहे. रानातून पकडलेल्या अशा पक्ष्यांचा व्यापारी व्यवहार देशादेशांत करता येत नाही. भारत या करारात 1976 पासून सहभागी आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर या करारातील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची असून असे प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक आहे. ‘परदेशी पक्षी चालतात’ हा समज म्हणूनच अपुरा आहे. असा पक्षी विक्रीस दिसल्यास वनविभागाला कळवावे.

चोपड्याच्या वाचकांसाठीही याच संदर्भात एक सूचना. चिरंजीवांनी आपली नोंद ई-बर्डसारख्या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर करावी आणि तिन्ही छायाचित्रे जोडावीत, पण वीण हंगाम चालू असताना वसाहतीचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण पकडणारेही तेच वाचतात. ठिकाण फक्त तिथल्या पक्षिसंस्थेला कळवावे, आणि पुन्हा जायचे झाल्यास घरट्यांपासून दूर, कुंपणाच्या बाहेर उभे राहून माद्यांची संख्या नोंदवावी.